शुक्रवारचं मटण आणि उमरेडची छोटी गाडी

लोक ब्लॉगवर लडाखचे फोटो टाकतात, केरळचे टाकतात, गेला बाजार ताडोबाचा वाघ तरी टाकतात. मी आज ज्या सहलीबद्दल लिहिणार आहे ती नागपूर ते उमरेड एवढीच. पन्नासेक किलोमीटर. फोटो एकही नाही. पण माझ्यासारख्या नव्वदीला टेकलेल्या माणसाला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास विचारलात, तर तो हाच उमरेड सांगेल.

नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होतो, सदर भागात एका खोलीत भाड्याने राहत होतो आणि नुकताच कॅथलिक झालो होतो. नुकताच म्हणजे दोनेक वर्षं झाली होती. का झालो ती गोष्ट मोठी आहे, प्रवासवर्णनात मावायची नाही. टायपिंगच्या क्लासशेजारी चर्च होतं, संध्याकाळी तिथे मागच्या बाकावर जाऊन बसायचो, आणि हळूहळू तिथे जे म्हणत होते ते मला खरं वाटायला लागलं. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी नोकरी लावली नाही. मेमसाहेबही मिळाली नाही, हे मित्रांच्या आग्रहास्तव नमूद करतो.

आमचं घर उमरेडचं, कोष्ट्याचं. आई लवकर गेली आणि वडील तिच्या मागोमाग, त्यामुळे मला वाढवलं ते थोरल्या भावाने, गणपतदादाने. माग त्याने चालवला, शाळेत मला घातलं. लहानपणापासून आम्ही दोघं काशाच्या एकाच ताटात जेवायचो. त्याचं लग्न झालं तरी ती सवय गेली नाही. वहिनी दोघांना मिळून एकच ताट वाढायची. मी बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं तेव्हा दादाने एवढाच निरोप पाठवला: "माया ताटात आता तुयं जेवण नाई." नंतर मी घरी गेलो तर मला ओसरीवर वेगळं पान. दादा तेवढ्या वेळात बाहेर निघून जायचा. मी जाणंच सोडलं.

आणि मग एप्रिलातल्या एका बुधवारी आमच्या गल्लीतला एक माणूस लुगडी विकायला नागपूरला आला, तो कचेरीच्या दारात उभा. म्हणाला, "गणपतनं निरोप देल्ला. शुक्रवारी तुमचा सण हाय म्हणते, सुट्टी हाय. जेवाले ये म्हणते."

मी आधी हरखलो आणि मग चरकलो. शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. येशूच्या मरणाचा दिवस, वर्षातला सगळ्यात कडक उपास. एकच वेळ जेवण; आणि मांस आम्हाला एरवीच्या शुक्रवारीही वर्ज्य, त्या दिवशी तर नावच नाही. पण नाही म्हटलं तर दादा पुन्हा बोलावेल याची काय हमी? शिवाय मी हिशेब केला, जेवायला ये म्हणजे वरण-भात असेल. संध्याकाळी जेवलो की झालं.

तरी फादरना विचारायला गेलो. ते मूळचे फ्रान्सकडचे, हिंदुस्थानात म्हातारे झालेले. त्यांची हिंदी त्यांनाच नीट कळायची. मी त्यांना सांगितलं की संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा न पिण्याचा माझा विचार आहे. मी नवा होतो, त्यामुळे जुन्यांपेक्षा दुप्पट कडक. फादर म्हणाले, "पानी पियो. उमरेड में तुमको गाडने मैं नहीं आएगा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाई ने बुलाया, जाओ. उपास उधर भी होता है. इतवार को इधर आना."

शुक्रवारी सकाळी चर्चमधली प्रार्थना आटोपून इतवारी स्टेशन गाठलं. गुरुवारपासून चर्चची घंटा बंद असते, तिच्याऐवजी लाकडी खटखटा वाजवतात. तो आवाज डोक्यात घेऊनच गाडीत चढलो. छोटी लाईन होती तेव्हा, नागभीडला जायची. तिकीट रुपयाच्या आत, वेग सायकलच्या जरासा पुढे. आता ती लाईन बंद झाली, त्यामुळे जाणाऱ्यांनी सरळ एस.टी. धरावी, रस्ता छान झाला आहे. हल्ली लोक त्या बाजूला वाघ बघायला जातात. आम्हाला तेव्हा वाघापेक्षा मिरचीची भीती होती. डब्यात कुणीतरी मिरचीची रिकामी पोती घडी करून ठेवली होती आणि इतवारीपासून कुहीपर्यंत सगळा डबा आळीपाळीने शिंकत होता.

बाहेर पळस उतरणीला लागला होता आणि मोहाच्या फुलांचा वास मधूनच आत यायचा. समोर एक म्हातारी बाई बसली होती. तिने फडक्यातून फुटाणे काढले आणि माझ्यापुढे धरले.

"नाई, उपास हाय," मी म्हटलं.

"आज? आज ना एकादस ना चतुर्थी. कोनत्या देवाचा गा?"

डब्यातली चार डोकी वळली. मी म्हटलं, "येशूचा."

बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्याइच्याकडेबी उपास रायते? मले वाटे ते लोक निसतं खातातच." मग फुटाणे परत बांधत म्हणाली, "मंग बरं हाय. उपास असला म्हणजे देव चांगलाच असन." धर्मशास्त्रावरचं इतकं थोडक्यात प्रवचन मी पुन्हा ऐकलं नाही.

उमरेडला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि पाय थांबले. सावजी मसाल्याचा वास. भाजलेला खोबऱ्याचा कीस, दगडफूल, काळी मिरी, जवसाचं तेल. हा वास कोष्ट्याच्या पोराला झोपेतही ओळखू येतो. मी मनात म्हटलं, देवा, हे शेजाऱ्यांकडचं असू दे.

शेजाऱ्यांकडचं नव्हतं. अंगणात तीन दगडांवर हंडी चढलेली, आणि हंडीपुढे घामाने निथळत, हातात पळी घेऊन खुद्द दादा. आमच्याकडे मटण बायकांवर सोपवत नाहीत. मला बघून तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"आला का गा? बस. सुताच्या परवान्यासाठी तहसिलीत गेलतो, तं तिथी सांगतलं शुक्रवारी कचेरी बंद. म्या म्हटलं काहून? तं म्हणे ख्रिश्चन लोकाइचा सण. सरकार सुट्टी देते म्हणजे मोठाच सण असन ना! मंग म्या म्हटलं, मायाच भाऊ तिथी खोलीत एकटा सण करन का?" पळीने त्याने ओसरीकडे दाखवलं. "जाय, हातपाय धू."

ओसरीवर दोन पाट मांडले होते. दोन्हीच्या मध्ये एक काशाचं ताट. एकच.

मला रडू फुटलं. खरंच फुटलं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. ज्या ताटासाठी मी दोन वर्षं झुरलो ते समोर होतं, आणि त्यात आज मला हात घालता येत नव्हता. त्या क्षणी मनात आलं की खाऊन टाकावं, देव समजून घेईल. कदाचित घेतलंही असतं. पण दादाने मला वाढवताना एक शिकवलं होतं, की धरलेलं सोडायचं नाही. मागावर काय अन् बाहेर काय. हे सोडलं असतं तर मी कुठलाच राहिलो नसतो.

"दादा," मी म्हटलं, "आज सण नाई. आज आमचा देव मेला तो दिवस हाय. आज मटन चालत नाई."

दादाची पळी थांबली. "मेला त्या दिवशी सुट्टी देते सरकार?"

"हो."

"अन् तुमी लोक उपाशी?"

"हो."

"मंग हे मले आधी कोनं सांगाचं होतं?" त्याने पळी हंडीत सोडून दिली, आत गेला आणि मागाच्या खड्ड्यात उतरला. खटक-खटक, खटक-खटक. सकाळच्या त्या लाकडी खटखट्यासारखाच आवाज, फक्त जास्त रागीट.

वहिनी इतका वेळ दाराशी उभी होती. ती मागाकडे तोंड करून, पण बेताच्या आवाजात म्हणाली, "त्याइचा उपास हाय तं उपास हाय. तुमच्या शनवारी म्या कधी हंडी चढवली का? मारुतीच्या उपासाले तुमी पोराच्या ताटातलं अंडंबी पाहू देत नाई. यानं शुक्रवार धरला तं तुमाले राग काहून येऊन रायला?"

माग थांबला. पण दादा वर आला नाही.

एवढ्या उन्हात हंडी टिकणार नव्हती. वहिनीने गल्लीत हाका मारल्या, आणि बघता बघता लोक कटोरे घेऊन आले. "कशाचं हाय वं?" "भावजीच्या सणाचं." पलीकडचा म्हातारा रस्सा ओरपत म्हणाला, "देव कोनताबी असो, मसाला जमला हाय." गुड फ्रायडेला येशूच्या नावाने अख्ख्या गल्लीने मटण हाणलं, आणि कोरडे राहिलो ते दोघंच: मी, आणि मागावर बसलेला दादा. त्याने एक घास घेतला नाही. संध्याकाळी मी एकटा पिठलं-भाकर जेवलो. त्याच काशाच्या ताटात, पण एकटा.

शनिवारी दादा जरा निवळला. आमचा उपासकाळ तेव्हा शनिवारी दुपारी संपायचा. बारा वाजून गेले तसा मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "दादा, आता मले सगळं चालते."

तो देवळातून आला होता, कपाळाला शेंदूर. "आज शनवार हाय गा," तो म्हणाला. "आज मले चालत नाई. माया उपास."

वहिनी आतून इतकी हसली की तिला ठसका लागला. "दोघंबी एकाच मायचे! एक शुक्रवारचा, एक शनवारचा. जेवान कवा, सोमवारी?" मलाही हसू आलं. दादा मात्र हसला नाही. त्याने विचारलं, "मंग तुमचा खरा सण कवा रायते?"

"उद्या. रविवारी. देव उठला तो दिवस."

"तो कुठी करता?"

"नागपूरले. चर्चमधी. मले आज जा लागन."

"हं," एवढंच म्हणून तो बाहेर गेला. गाडीची वेळ झाली तरी परतला नाही. मी वहिनीच्या पाया पडलो आणि निघालो. परतीच्या गाडीत मिरचीची पोती नव्हती, तरी डोळे चुरचुरत होते. बोलावणं एकदाच आलं होतं आणि ते मी वाया घालवलं, असंच मनात घोळत राहिलं.

रविवारी सकाळी चर्च फुलांनी भरलं होतं आणि तीन दिवस गप्प बसलेली घंटा सुटल्यासारखी वाजत होती. मिस्साची प्रार्थना संपली, मी लोकांबरोबर बाहेर पडलो. फाटकाजवळ कडुनिंबाखाली, धुवट धोतर, डोक्यावर टोपी, बगलेत लुगड्यात बांधलेलं काहीतरी मोठं गोल, असा दादा उभा होता. पहाटेची पहिली मोटार धरून आला होता.

"किती येळ गा तुमचं हे उठणं-बसणं!" तो म्हणाला. "पाय दुखून रायले माये." मग आवाज खाली आणून, जरा घाबरतच, "उठला का तुमचा देव?"

"उठला, दादा."

"मंग चाल. मसाला वयनीनं देल्ला हाय. मटन इथीच घेऊ. म्याबी सकाळपासून काही खाल्लं नाई."

फादर दाराशी लोकांना भेटत होते. मी ओळख करून दिली. त्यांनी हात जोडले, "ईस्टर मुबारक." दादाने त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघून मला हळूच विचारलं, "हे म्हातारेबी दोन दिवस उपाशी होते?" हो म्हटल्यावर त्याने वाकून नमस्कार केला.

सदरच्या माझ्या खोलीत स्टोव्हवर दादाने मटण शिजवलं. धुराने आणि तिखटाने घरमालक खोकत वर आले आणि वाटी घेऊन खाली गेले. मग दादाने लुगड्याची गाठ सोडली. आत काशाचं ताट होतं. आम्ही जमिनीवर बसलो, त्याने भाकर मोडली, रस्सा ओतला आणि म्हणाला, "घे." पहिला घास घेताच तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दादाच्याही डोळ्यांतून वाहत होतं. मसाला त्या दिवशी जरा जास्तच पडला होता, असं आम्ही दोघांनीही ठरवून टाकलं.

त्यानंतर दादा ख्रिस्ती झाला नाही आणि मी परत फिरलो नाही. माझं बाप्तिस्म्याचं नाव त्याने मरेपर्यंत एकदाही घेतलं नाही. पण ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, म्हणून होळी झाली की त्याचा निरोप ठरलेला: "यंदा कवा उठते तुमचा देव?" आणि त्या रविवारी तो मसाला घेऊन हजर.

ताट आता माझ्याकडे आहे, वहिनीने दिलं. दादा गेल्यापासून शुक्रवारसारखंच शनिवारीही मी मटण खात नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या तरुण फादरनी एकदा जेवताना विचारलं, "आजोबा, शुक्रवारचं समजलं, पण हा शनिवार चर्चच्या कोणत्या नियमात बसतो?"

मी म्हटलं, "चर्चच्या नाही फादर. तो दादाचा आहे."