शिक्का खाली

आमच्या सरांबद्दल चांगलं लिहायचं तर मला पहिल्याच ओळीत खोटं बोलावं लागेल, म्हणून ते काम मी इतरांवर सोडते. रत्नागिरीत त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मूळचे देवरूखकडचे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि एका आंबा व्यापाऱ्याच्या पॅकिंग शेडमध्ये आम्हा मुलामुलींना एअर रायफल शिकवायचे. फुकट शिकवायचे, हे त्यांचे चाहते आधी सांगतात. फुकट शिव्याही द्यायचे, हे मी सांगते.

१९९८ साली मी तिथे गेले तेव्हा चौदा वर्षांची होते. पहिले सहा महिने छर्रा हातात मिळाला नाही. रिकामी बंदूक खांद्याला लावून उभं राहायचं आणि सर मागून फिरत राहायचे. कोपर ढळलं की लाकडी पट्टी. मान कलली की पट्टी. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय गो, हातात वाढवण धरलंस काय? केर काढायला आलीस?" मुलगे हसले. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले, कारण त्या काळ्या ठिपक्याचा मला नाद लागला होता. दहा मीटरवरचा तो ठिपका सोडून जगात दुसरं काहीच दिसू नये, ती जी दोन सेकंदं असतात ना, ती मला दुसऱ्या कशात मिळाली नाहीत. स्वयंपाकघरात तर नाहीच.

शेडचे कायदे सरांचे. फाल्गुनात आंब्याच्या पेट्या आणि पेंढा आला की आम्ही बाहेर, ते थेट जूनपर्यंत. बंदुका दोनच होत्या, आमच्या नेमबाजी क्लबच्या मालकीच्या, आणि त्या एकवीस वर्षांखालच्यांसाठी. एकवीस पूर्ण झाली की बंदूक कपाटात. राज्याच्या संघात निवड झाली तरच ती पुढे वापरायला मिळणार. स्वतःची बंदूक घेणं हे आमच्या घरात बोट विकत घेण्याइतकं अशक्य होतं.

ज्यांच्यावर नेम धरायचा त्या कार्डांचाही कायदा होता. कुणी कार्ड बदलू नये म्हणून प्रत्येक कार्डाच्या वरच्या कडेला क्लबचा रबरी शिक्का मारलेला असे. पण ते टांगायचं कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांनी, आणि चिमटा शिक्क्यावर आला की सर खवळायचे. मग नियम झाला: शिक्का खाली. म्हणजे कार्ड उलटंच टांगायचं. गोल ठिपका तो, उलटा काय आणि सुलटा काय. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की दारात चपला काढताना जसा कुणी विचार करत नाही, तसा आम्ही तो करत नव्हतो.

२००४ साली माझं विसावं सरून एकविसावं लागलं होतं. ऑक्टोबरात पुण्याला राज्याच्या संघाची निवड चाचणी होती आणि माझ्यासाठी ती शेवटची. गुण मात्र दोन वर्षं एकाच जागी अडकले होते. दहातले आठ छर्रे नीट जायचे आणि दोन कुठेतरी भरकटायचे. सरांचा उपाय एकच, आणखी मोठ्याने ओरडणं. "परत उभी ऱ्हा!" मी परत उभी राहायचे. परत दोन भरकटायचे.

त्याच जूनमध्ये भावाने मस्कतहून फोन केला. तो तिकडे कंपनीत होता आणि तिकडे गेलेल्या प्रत्येकाला जे होतं ते त्यालाही झालं होतं: इथलं सगळं मागासलेलं वाटू लागलं होतं. "त्या हवालदाराच्या नादाला काय लागतेस? इंटरनेटवरून शिक," म्हणाला. त्यानेच पुण्याच्या एका प्रशिक्षकांचा पत्ता शोधला. ते एकेकाळचे नेमबाज होते, आणि ई-मेलवरून शिकवायचे. आपण आपली कार्डं स्कॅन करून पाठवायची, त्यांच्याकडून दर आठवड्याला सूचना यायच्या. फी भावाने भरली.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. गुपचूप शिकले असते तर काही बिघडलं नसतं. पण माझ्या नाकावर राग, आणि सहा वर्षांच्या पट्टीचे वळ. सरांनी पुन्हा एकदा वाढवण काढली तेव्हा मी बंदूक खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं शिकवणं जुनं झालं. मी आता पुण्याच्या सरांकडे शिकते, कॉम्प्युटरवर."

सर म्हणाले, "बरा झाला." तेवढंच. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. शेडमध्ये येऊ दिलं, बंदूक दिली, कार्डं दिली. स्वतः प्लॅस्टिकच्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचे आणि माझी पाळी आली की पेपर मांडीवर ठेवून बघायचे. नुसते बघायचे. मला वाटायचं, हरलाय म्हातारा. मला भारी आनंद व्हायचा.

दर शनिवारी मी कार्डं घेऊन सायबर कॅफेत जायचे. पडदे लावलेल्या चार खोपट्यांचं ते दुकान. मालक कार्डं स्कॅनरवर ठेवायचा, शिक्का वर, अक्षरं सरळ, कसं नीटनेटकं. एक कार्ड जायला चहा पिऊन व्हायचा, आणि मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. तो दर वेळी विचारायचा, "कुणाला मारणार गो एवढी?" दर वेळी एकच विनोद, आणि दर वेळी हसणारा तो एकटाच.

पुण्याहून सूचना यायच्या आकडे घालून, एक, दोन, तीन. कधी शिवी नाही, कधी आवाज नाही. पत्राच्या शेवटी शुभेच्छा. मी ती पत्रं छापून घ्यायचे आणि वहीत चिकटवायचे. आता वाटतं, उंटावरून शेळ्या हाकणारा तो माणूस आणि मी ती शहाणी शेळी. त्याने औषध दिलं, रोग कधी सांगितला नाही. लिहायचा, छर्रा सुटताना खांदा पुढे ढकलतेस, खांदा सैल सोड. मी सोडला. पुढच्या आठवड्यात, अजून सैल. मी अजून सोडला. गुण घसरले तेव्हा म्हणाला, नवी सवय लागताना असं होतंच, धीर धर. धीर माझ्याकडे पोत्याने होता, सरांवरच्या रागातून आलेला.

त्याने उभं राहण्याचा फोटोही मागवला होता. मी क्लबमधून बंदूक मागून, ती गोणपाटात गुंडाळून फोटो स्टुडिओत गेले. मागे धबधब्याचा पडदा, आणि फोटोवाला म्हणतो, "जरा हसा." फोटो पाहून पुण्याहून शेरा आला, उभं राहणं उत्तम. उत्तमच असणार. सहा वर्षं पट्टी खाऊन बसवलेलं होतं ते. पण छर्रा सुटल्यावर पुढच्या क्षणात काय होतं, ते फोटोत कसं दिसणार?

ऑक्टोबरात पुण्याला गेले. प्रशिक्षक प्रत्यक्ष भेटले, गोरे, मऊ बोलणारे, हातात पाण्याची बाटली. माझी फेरी ते मागे उभं राहून बघत होते. पहिल्या दहातले तीन छर्रे गेले भलतीकडे. दुसऱ्या दहातले चार. माझं शर्यतीतलं नाव तिथेच पुसलं गेलं, पुढचे छर्रे मी फक्त सुरू केलंय ते संपवायचं म्हणून मारले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "अगं, तुझी नळी तर खाली पडते. छर्रा सुटायच्या आधीच तू बंदूक सोडून देतेस. कार्डांवर तर तुझे छर्रे वर जात होते."

"वर नाही सर. खालीच जातात."

"मी चार महिने बघतोय ना. वर, उजवीकडे."

मी म्हटलं, आमच्याकडे कार्ड शिक्का खाली करून लावतात, आणि स्कॅन होतं ते शिक्का वर करून. त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ते हसले. खो खो हसले. "म्हणजे चार महिने मी तुझा खांदा उलट्या कार्डावरून सैल करत होतो!" जवळच्या दोघांना बोलावून त्यांनी ती गंमत पुन्हा सांगितली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तू सांगायला हवं होतंस." ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला त्यांच्या डोक्यात ती पाण्याची बाटली घालावीशी वाटली.

एसटीत रात्रभर एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. पुण्याच्या माणसाला दिसलं नाही, कारण तो तिथे नव्हता. पण जो तिथे होता, रोज, पाच हातांवर, त्याला?

घरी न जाता मी सरळ शेडवर गेले. सर एकटेच होते, चिमट्यांना तेल देत बसलेले. मी विचारलं, "माझी नळी खाली पडते, ते तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत व्हता."

"कधीपासून?"

"पयल्यापास्ना. आधी थोडी पडायची. तू खांदा सोडलास तसा जास्त पडायला लागली."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चिमटा खाली ठेवला. "तू माझा शिकवणा जुना झाला म्हणालीस. म्हटला, नवा काय करताय ता बघू."

डोक्यात तिडीक गेली. मी पुष्कळ बोलले. माणूस म्हणून लाज वाटायला हवी, असंही बोलले. आणि आधी दोन वर्षं नुसते ओरडलात, तेव्हा तरी हे का सांगितलं नाहीत, असंही. त्यावर मात्र ते म्हणाले, "तेव्हा मला वाटला, उभी ऱ्हाशील तशी आपसूक सुधारशील." म्हणजे त्यांनाही माहीत होतं की त्यांचं शिकवणं म्हणजे अर्धं शिकवणंच होतं. ते त्यांनी कबूल करायला माझी निवड हुकावी लागली.

मग ते उठले, कपाटातून बंदूक काढून माझ्या हातात दिली आणि कार्ड टांगलं. "लाव खांद्याला," म्हणाले. मी लावली. का लावली, कोण जाणे. त्यांनी एक बोट नळीच्या खाली धरलं, नळीला न टेकवता. "चाप वढलास तरी नळी बोटाला लागता नये. छर्रा कार्डात गेलेला बघ, मंग एक ते तीन मोज. मंग सोड." अर्धं मिनिट लागलं सांगायला. पट्टी नाही, शिवी नाही.

मी दहा छर्रे मारले. नळी बोटाला एकदाही लागली नाही. सरांनी दोरी ओढून कार्ड जवळ आणलं. दहाही छर्रे काळ्यात, मधल्या रुपयाएवढ्या जागेत, एकही भरकटलेला नाही. इतकं चांगलं मी सहा वर्षांत कधी मारलं नव्हतं. मी कार्डाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. चुकलं म्हणतील, निदान शाब्बास तरी.

माझी निवड झालेली नव्हती, आणि पुढच्या आठवड्यात मला एकवीस पूर्ण होत होती. त्यांनी हात पुढे केला, बंदूक परत घ्यायला.