दोनदा म्हटलेला शब्द

टुकुयूची आतुपेले म्वाकालिंगा दूर उत्तरेच्या देशातल्या योएन्सूला आली तेव्हा नदी अजून वाहती होती. भूर्जाची पिवळी पानं पाण्यावर पडत आणि पाणी त्यांना सावकाश तळ्याकडे घेऊन जाई. पुलावर उभी राहून ती बघत राही. थंडीची तिला भीती नव्हती. रुंग्वे डोंगराच्या पोटाशी वाढलेली मुलगी ती, धुक्यात चहा खुडणाऱ्या बाईची लेक. थंडी म्हणजे ओलसर कपडे आणि चुलीपाशी सरकून बसणं, एवढंच तिला ठाऊक. सरकून बसायला शेजारी माणूस लागतं, हे कधी मनातही आलं नव्हतं, कारण शेजारी माणूस नाही असं तिच्या आयुष्यात घडलंच नव्हतं.

मायदेशी मोरोगोरोच्या विद्यापीठात ती जंगलाचं शिक्षण घेत होती. तिकडचे काही इकडे, इकडचे काही तिकडे, अशा अदलाबदलीत शेवटच्या वर्षाला तिला इथं पाठवलं होतं. इथली हिवाळी मोजणी पुरी केली की पदवी, नाही केली तर वर्ष बुडालं, आणि बुडालेलं वर्ष पुन्हा काढायला घरात काही नव्हतं. निघताना आई म्हणाली होती, "झाडं मोजायला एवढ्या लांब? आपली मोजून संपली का गं?" आणि हसता हसता तोंड फिरवून उभी राहिली होती.

राहायला दोन खोल्या आणि मध्ये एक स्वयंपाकघर. दुसऱ्या खोलीत साना केट्टुनेन. उत्तरेकडच्या कुह्मोची, आतुपेलेच्याच वर्गातली, उंच आणि उंचीची लाज वाटल्यासारखी वाकून चालणारी. बोलायच्या आधी शब्द ओठांत घोळवून बघायची, आणि बहुतेक वेळा गिळून टाकायची.

टुकुयूला दोन बायका वाटेत भेटल्या तर झोप कशी झाली, पोरं कशी आहेत, गाय व्याली का, केळी पिकली का, हे सगळं विचारून होईपर्यंत डोईवरचं ओझं जड होतं. इथं लोक भेटले की म्हणत, "मोइ." नळातून एक थेंब पडावा तसा. बघायचं नाही, थांबायचं नाही. पहिले काही दिवस आतुपेलेला ते दार लावल्यासारखं वाटलं.

मग एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या बाईनं तिच्या हातात पिशवी दिली, तिच्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "मोइमोइ." आठवडाभरात तिच्याकडे बघून कुणी हसलं ते हे पहिलं. आतुपेले पिशवी छातीशी धरून घरी आली ती उजेड पडल्यासारखी. तिच्या बोलीत मनापासूनची गोष्ट दोनदाच म्हणतात. हळू म्हणायचं तर पोले पोले, आत्ताच्या आत्ता म्हणायचं तर सासा सासा. परक्याला एकदा मोइ, आपल्या माणसाला दोनदा. एवढी साधी गोष्ट आणि आपल्याला कळली नाही, असं म्हणत तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

त्या संध्याकाळी साना ताट घेऊन स्वयंपाकघरात आली. आतुपेले चुलीकडून वळली, दोन्ही हात जोडून थोडी वाकली आणि होतं नव्हतं ते प्रेम ओतून म्हणाली, "मोइमोइ!"

साना दारात थबकली. ताटाकडे पाहिलं, आतुपेलेकडे पाहिलं. "मोइमोइ," पुटपुटली आणि ताट घेऊन परत खोलीत गेली.

लाजरी आहे, आतुपेलेला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी गोड आवाजात म्हटलं. साना आणखी लवकर गेली. पुढं पुढं तर पाऊल वाजलं की आतुपेलेचे शब्द आधी तयार असत, आणि पाऊल तिथूनच मागं वळे. नदी काठाकाठानं गोठत गेली. एक दिवस सानाच्या खोलीच्या उघड्या दारातून आतुपेलेला खिडकीशी ठेवलेली पाणी उकळायची नवी किटली दिसली. चहासाठीसुद्धा आता तिला माझं तोंड बघायचं नाही, एवढं तिला समजलं.

"तिथली माणसं मुकी आहेत का गं?" आईनं फोनवर विचारलं.

"मुकी नाहीत. एकमेकांत बोलतात."

"मग तूच काही खाल्लंबिल्लं असशील तिचं. नीट सांग."

"काही खाल्लं नाही, आई. मी तर रोज तिला दोनदा म्हणते."

"मग तीनदा म्हण," आई म्हणाली.

नदी पुरी गोठली तेव्हा मोजणीच्या जोड्या ठरायची वेळ आली. हिवाळ्यात जंगलात एकट्यानं जायचं नाही, असा तिथला कडक नेम. एकानं फीत धरायची, दुसऱ्यानं बुंध्याचा घेर घ्यायचा. तळ्यावरचा बर्फ फुटला तर ओढून काढायलाही एकाला दुसरा हवा. तिथं मास्तरांना नावानं हाक मारतात. आतुपेलेच्या तोंडून ते निघत नसे. "सर," ती म्हणाली, "मला जोडीदार नाही."

"कौको म्हण," मास्तर सवयीनं म्हणाले. "जोड्या मी लावत नाही. एकदा लावल्या होत्या, त्यातल्या दोघांनी लग्न केलं, अजून मला शिव्या देतात." मग तिचं तोंड पाहून हसू आवरलं. "सानालाही कुणी नाही अजून. तुझ्याच घरात राहते ना ती? विचार की. उद्यापर्यंत सांगा."

"कुणा दोघांबरोबर तिसरी म्हणून गेले तर?"

"बर्फावरच्या गाडीवर दोघंच बसतात."

घरी येऊन आतुपेलेनं घेवडा शिजत घातला, बटाटे सोलले. वाट बघत एकच वाक्य मनात घोकत राहिली. माझ्याबरोबर येशील का. नाही म्हणालीच तर? मग काय, इथवर तिनं मन जाऊ दिलंच नाही. काचेबाहेर दुपारीच काळोख झाला होता. सानाचं दार वाजलं. आज ती रिकाम्या हातानं आली, दारात उभी राहिली आणि तिचे ओठ हलले. आतुपेलेला भरून आलं. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. तिनं ओले हात पुढं करून म्हटलं, "मोइमोइ! साना, मोइमोइ!"

सानाचे ओठ मिटले. मान हलवून ती गेली. तिच्या दाराची कडी आतून लागलेली आतुपेलेनं ऐकली. घेवडा खाली लागला होता.

सकाळी वर्गात साना इल्मारी नावाच्या मुलाशेजारी बसली होती. आतुपेले एकटी उरली. कौको खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात ये." बोलणं दयेचं होतं. पुढच्या हिवाळ्यात तिला इथं कोण आणणार होतं? आठवडाभर गाड्या दोघादोघांना घेऊन जंगलात गेल्या. ती खोलीच्या खिडकीतून त्यांच्या मागं उडणारा बर्फ बघत राहिली.

मग तिनं बोलणं सोडलं. दिवस लांबत गेले, छपरांच्या कडेनं पाणी ठिबकू लागलं, तरी दोघींमधलं स्वयंपाकघर तसंच. एका दुपारी ती टेबलाशी बसली असताना साना आत आली. आतुपेलेनं मान वर केली नाही. मनात राग होता, तो तिनं आवाजात आणला आणि निम्मा शब्द तिच्यापुढं टाकला. "मोइ."

साना थांबली. खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली.

 मग साना म्हणाली, "आज चालेल का बसलेलं?"

"म्हणजे?"

"आज तू जा म्हणाली नाहीस."

"मी कधी जा म्हणाले तुला?"

"रोज. मी आले की मोइमोइ. मोइमोइ म्हणजे येते, निघा आता. जाताना म्हणतात ते." साना टेबलावरचा डाग नखानं खरवडत होती. "मला वाटलं, तुला स्वयंपाकघर एकटीला हवं असतं. असतं काहींना तसं. म्हणून किटली घेतली."

आतुपेलेच्या डोळ्यांपुढं दुकानातली म्हातारी आली. पिशवी हातात देऊन, निरोप देताना हसणारी. "एकदा तरी विचारायचंस, बाई," ती म्हणाली.

"हाकलणाऱ्याला का हाकललंस म्हणून कसं विचारायचं? आमच्यात नाही विचारत." सानानं नख डागावरून उचललं. "त्या संध्याकाळी आले होते विचारायला. माझ्याबरोबर येशील का म्हणून. तू दोनदा म्हणालीस. हात पण पुढं केलेस, जा म्हणावं तसे."

आतुपेले हसायला लागली. हसू थांबेना, मग ते हसू राहिलं नाही. सानानं उठून किटली आणली आणि दोन कप मांडले. पाणी उकळलं, चहा झाला, निवला. बोलायला एवढा हिवाळा साठला होता, पण आता त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मोजणी संपली होती. साना दुसऱ्या दिवशी कामासाठी कुह्मोला जायची होती, ती खोली सोडूनच.

सकाळी ती पाठीला पिशवी लावून दारात उभी राहिली. आतुपेले समोर. ओठांवर आलेला शब्द तिनं मागं घेतला.

"म्हण ना," साना म्हणाली. "आता बरोबर आहे."

"मोइमोइ," आतुपेले म्हणाली.

"मोइमोइ." दार हळूच लागलं. किटली टेबलावरच होती.

आतुपेले परत गेली ती पदवीवाचून. आता टुकुयूखालच्या चहाच्या काट्यावर पानांच्या टोपल्या तोलते. बायका झोप कशी झाली विचारत वाट चढून येतात, आणि ती उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबते. हा शब्द माणसाला आत घेतो की बाहेर काढतो, ते मनाशी तपासत असल्यासारखी. तेवढ्यात बाई टोपली ठेवून पुढं गेलेली असते.

"तोंड तिकडंच ठेवून आलीस का गं?" आई विचारते.

ती काट्याची सुई बघत राहते.