आठवीपर्यंतची खिचडी

साडेअकराच्या सुमारास गाडी येते, स्टीलचे मोठे डबे व्हरांड्यात उतरतात आणि झाकण उघडलं की हळद-जिऱ्याची वाफ शाळाभर पसरते. मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकानं चव घ्यायची, असा नियम आहे. आमच्या सिल्वासाच्या या शाळेत तो मान बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पहिला घास मी घेते, मान हलवते, मग रांग पुढे सरकते. खिचडी वाईट नसते हो. मलाच हल्ली तो घास गोड लागत नाही.

त्याला कारण एक मुलगी आहे. माझ्या आठवीच्या वर्गातली, धुळ्याकडून कंपनीत कामाला आलेल्या नवरा-बायकोची. दोघंही पहिल्या पाळीला जायचे आणि ही कपभर चहावर शाळेत यायची. दुपारी ताट बोटानं निपटून खायची, आणि मग कुठं तिच्या चेहऱ्यावर जीव यायचा. गणितात इतकी तल्लख की मी फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. तिनंच वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर कोरा दिला. माझं डोकंच फिरलं. आता आठवीतही नापास करतात. दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही राहिलं तर पुन्हा तोच वर्ग. माझ्या हाताखालची मुलगी मागे राहते म्हणजे काय? मी पडले कोकणातली, हट्टाला पेटले की कुणाचं ऐकायची नाही. त्या मे महिन्यात गावच्या आंब्यांवर पाणी सोडलं आणि तिला रोज घरी बोलावून शिकवलं. ती खाली मान घालून बसायची. तो आळस आहे असं मी ठरवून टाकलं होतं. फेरपरीक्षेला तर तिच्यासमोरच खुर्ची टाकून बसले. तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं लिहायला लागली. एकही उदाहरण चुकलं नाही. केवढी मिरवले मी तेव्हा!

शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात ती ताट घेऊन रांगेत दिसली. आमच्याकडे पहिली ते दहावी एकाच आवारात, पण सरकारी जेवण आठवीपर्यंतच. नववीला भूक लागत नाही, असं कुणीतरी कुठंतरी ठरवलेलं आहे. मीही त्याच सुरात म्हणाले, "अगं, तू नववीत गेलीस ना आता? चल, हो बाजूला." चारचौघींत म्हणाले. ती बाजूला झाली. त्या दिवशी अर्धा डबा उरला आणि तो कुंपणापलीकडच्या गाईंना घातला, माझ्याच देखरेखीखाली.

मधली सुट्टी संपल्यावर ती माझ्याकडे आली. रागानं नाही, समजावून सांगावं तशी बोलली. "मॅडम, पेपर मी मुद्दाम कोरा सोडला होता. आठवीत राहिली असती तर अजून एक वर्ष जेवण भेटलं असतं. पण तुम्ही ऐकेच ना." मला शरम वाटली, आणि खरं सांगते, तिचा रागही आला. महिनाभर सुट्टीत तिला घोटून घेतलं मी, आणि एकदाही विचारलं नाही की तू जेवलीस का. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी डबा आणायला लागले. दोन दिवस तिनं घेतला, तिसऱ्या दिवशी नको म्हणाली. पावसाळा सरेपर्यंत तिचं नाव हजेरीतून गेलं होतं.

परवा इथल्याच आमली भागातल्या बाजारात भेटली. गाल भरलेत, अंगावर तजेला आहे. एका कंपनीत पॅकिंगला लागली आहे. शाळेचं, वयाचं बरंच काही बोलायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण तीच आनंदानं सांगत सुटली. "कॅन्टीन आहे मॅडम तिथं. वरण-भात, भाजी, चपाती, सगळ्यांना भेटतं. परत मागितलं तरी कोणी बाजूला हो म्हणत नाही."

तिनं मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, एवढी मी तिला ओळखते. उद्या कदाचित नियम बदलेल, नववी-दहावीलाही ताट मिळेल, आम्ही फोटो काढू, टाळ्या वाजवू. तोवर ती कुठल्याच वर्गात बसण्याच्या वयाची राहिलेली नसेल.