साहेबाच्या नाताळासाठी विणलेला हत्ती

माझ्या सासऱ्यांना रावसाहेब व्हायचं होतं. गावची पाटीलकी घरात होती, काळी कसदार जमीन होती, शेलूबाजारच्या बाजारात लोक त्यांना वाट करून देत. एवढ्यावर माणसाचं पोट भरावं. त्यांचं भरत नव्हतं. सरकारने आपल्या नावाला एक शेपूट जोडून द्यावं आणि मग सगळ्या वऱ्हाडाने त्या शेपटाला नमस्कार करावा, हा त्यांचा ध्यास.

त्या काळी नाताळ आला की आमच्याकडची मोठी घरं साहेबाला डाली पाठवत. डाली म्हणजे सजवलेली टोपली. वर झेंडूचे हार, खाली संत्री, त्याखाली सुका मेवा, आणि सगळ्यात खाली जे असे ते झाकलेलं असे. नाताळ कशाचा, त्या दिवशी कोण जन्मलं, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. साहेबाचा पोळा, एवढी समजूत पुरे होती.

माझ्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी अकोल्याला नवा साहेब आला. त्याने कळवलं की फळंफुलं सोडून डालीत काहीही चालणार नाही. बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, मात्र सुतक पडल्यासारखे ओसरीवर बसून राहिले. फळंफुलं काय, कुणीही देईल. मग आपण पाटील कशाला झालो? शेवटी तहसिलीतल्या एका कारकुनाने त्यांना तोड सांगितली. विलायतेत नाताळाआधी बायका घरी बसून लोकरीची खेळणी विणतात आणि एकमेकींच्या लेकरांना देतात. हाताने केलेल्या वस्तूला कुणी लाच म्हणत नाही. हे ऐकून मामाजी असे उल्हासात घरी आले, की जणू रावसाहेबकीच खिशात घालून आणली.

आता विणायचं कोणी? घरात क्रोशा येत होता तो मला एकटीला. लहानपणी मी धनजहून अमरावतीला मामाकडे शिकायला राहिले होते, तिथे एका ख्रिस्ती शिक्षिकेने शिकवला. सासरी आल्यापासून त्या कलेला 'रिकामे धंदे' असं नाव होतं. मी हौसेने विणलेला रुमाल सासूबाईंनी ताकाच्या मडक्यावर झाकला होता. त्याच सासूबाई त्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या की सूनबाईच्या हातात लक्ष्मी आहे. लक्ष्मी दोन वर्षं माझ्याच हातात होती. यांना ती साहेबाच्या नावाने दिसली.

अकोल्याहून लोकर आली. तिच्यासोबत इंग्रजी नमुन्यांचं एक पुस्तकही आलं, आणि ते वाचून दाखवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी त्यांनाच येत होतं. हे त्या वेळी खादी वापरत. कारंज्याला सभा असली की टोपी घालून जात, विलायती कापडाविरुद्ध टाळ्या वाजवत, आणि गावाच्या वेशीत शिरताना टोपी काढून खिशात ठेवत. त्या खादीच्या सदऱ्यात ते माझ्यासमोर मांडी घालून बसत, गुडघ्यांना विलायती लोकरीची लडी अडकवून घेत आणि मी गुंडा करत असताना पुस्तकातली टाक्यांची आखूड केलेली नावं मोठ्याने वाचत. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. क्रोशाच्या कोणत्या टाक्याला मुका खांब म्हणतात हे मी त्यांना समजावलं, तर मला म्हणाले, की इंग्रजीत मुका खांब नसतो. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि चित्रं बघून विणू लागले.

एक ससा झाला, एक मेम झाली, आणि एक हत्ती. हत्ती मामाजींचा हट्ट. सरकी काढलेला आमच्याच शेतातला कापूस आत भरला. खरं सांगते, हत्ती सुरेख झाला होता. राखाडी अंग, पाठीवर लाल झूल, सोंड वर उचललेली.

हे सगळं चाललं असताना माझ्या मोठ्या जाऊबाईंची मुलगी माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली असे. चार वर्षांची होती. जाऊबाई विधवा. त्यांचे यजमान मी घरात यायच्या आधीच गेले होते. हत्ती विणला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्या पोरीचे कान फुटले, ताप चढला, उशी पुवाने भिजायची. जाऊबाईंनी सासऱ्यांना विनवलं की वाशीमच्या दवाखान्यात न्या. मामाजी म्हणाले, पेरणीच्या दिवसांत गाडी मोकळी नाही, आणि लेकरांचे कान फुटतातच. देवळातला अंगारा मागवून दिला. ताप उतरला, पण त्यानंतर पोरीला हाक ऐकू येईना. पाठीमागे थाळी पडली तरी ती वळत नसे. त्यामुळे तिचं सगळं लक्ष डोळ्यांत आलं होतं. माझ्या हातातली सुई कशी आत जाते, कशी बाहेर येते, हे ती तासन्तास बघे.

हत्ती पुरा झाला त्या दिवशी तिने तो उचलून मांडीत घेतला आणि त्याच्या पाठीवर थोपटू लागली. मामाजी ओसरीवरून आत आले. त्यांनी हत्ती तिच्या मांडीतून काढून घेतला, उपरण्याने पुसला आणि फडताळात ठेवला. साहेबाच्या लेकरांचा आहे, मळता कामा नये, असं त्यांनी मला बजावलं. पोरीला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिला काही सांगायची गरजच पडली नाही. ती फडताळाकडे बघत बसली. जाऊबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि भाकर थापत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हत्तीच्या डोळ्यांवरून वाद झाला. मी काळ्या दोऱ्याने डोळे भरले होते. मामाजींना ते मेलेल्या जनावराचे वाटले. त्यांना चकाकणारे डोळे हवे होते. त्यांनी कुंपणावरच्या वेलाच्या गुंजा आणवल्या, लाल अंगाच्या, काळ्या टिकलीच्या, आणि गावच्या सोनाराकडून त्यांना भोकं पाडून घेतली. मी म्हटलं की गुंज विषारी असते, भोक पाडलेली तर जास्तच, लहान मूल तोंडात घालेल.

"सायेबाचे लेकरं आपल्या पोट्ट्याइवानी दिसंल ते उचलून तोंडात घालतात काय?" मामाजी म्हणाले. "तू बसव."

मी नाही बसवल्या. सासूबाईंनी बसवल्या, गोधडीच्या जाड दोऱ्याने.

नाताळाच्या सुमारास साहेब दौऱ्यावर होता. शेलूबाजारच्या अलीकडे आमराईत त्याचे तंबू पडले. मडमेला बायकांनी वेगळं भेटायचं असा रिवाज, म्हणून सासूबाई आणि मी अशा दोघींना दमणीत, हलक्या बैलगाडीत, बसवून नेलं. जाऊबाईंना नेलं नाही. शुभ कामात विधवेचं तोंड नको, असं सासूबाई त्यांच्या देखत म्हणाल्या. कुणाचं शुभ आणि कसलं काम, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मडम उन्हाने रापलेली, थकलेली बाई होती. आमच्यासारख्या बायकांच्या रांगा बघून कंटाळलेली. तिची आया ख्रिस्ती होती आणि मराठी बोलत होती. आम्ही ससा, मेम आणि हत्ती पुढे ठेवले. मडमेने हत्ती उचलून फिरवून पाहिला आणि आयाला काही विचारलं. कुणी केला, असं ती विचारत होती. सासूबाई म्हणाल्या, घरच्या सगळ्यांनी. मग सासूबाईंनी मोठ्या गोडीने विचारलं की लेकरं कुठं आहेत, दिसत नाहीत.

आयाने मडमेला विचारलंही नाही. तिने परस्पर सांगितलं की मडमेला दोन मुलगे आहेत, दोघेही विलायतेत असतात, आणि धाकट्याला यंदा मिशा फुटल्या आहेत.

एवढ्यात तंबूच्या कनातीखालून आखूड पायांचे दोन कुत्रे आत आले. मडमेचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा फुलला. तिने आमच्यासमोर हत्ती त्यांच्याकडे फेकला. एकाने सोंड धरली, दुसऱ्याने झूल, आणि दोघांची ओढाओढ सुरू झाली. मडम हसली, काहीतरी बोलली. आया खाली बघत म्हणाली, "बाईसाहेब म्हणतात, फार छान आहे. कुत्र्यांना आवडलं."

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. हसायचं होतं. त्या स्वतः हसत होत्या.

मला वाटलं, घरी गेल्यावर हे ऐकून मामाजींची मान खाली जाईल. मी त्यांना अजून ओळखलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सायेबाचा जीव कुत्र्याइवर हाय, लेकराइवानी. म्हंजे लेकराइलेच पोचलं म्हणा." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी चावडीत त्यांनी ही गोष्ट मोठेपणाने सांगितली, की आमच्या घरचा हत्ती साहेबाच्या कुत्र्याने आपल्या तोंडाने घेतला. लोकांनी माना डोलावल्या. त्या गावात कुणाला हसू आलं नाही, हे मला अजून खरं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तंबूवरचा चपराशी आला. एक कुत्रा आजारी पडला होता. ओकत होता, उठत नव्हता. त्याच्या ओकारीत गुंजेचं टरफल सापडलं होतं आणि साहेब विचारत होता की ते खेळणं कुणाकडचं.

मी मामाजींना सून म्हणून सहा-सात वर्षं पाहिलं, पण इतका घाबरलेला त्या एकाच दिवशी पाहिला. त्यांनी पागोटं बांधायला घेतलं, ते त्यांना बांधता येईना. आमच्या ह्यांना घोड्यावर शेलूबाजारला पिटाळलं, तिथून मिळेल ती मोटार करून अकोल्याचा ढोरांचा डॉक्टर आणायला. खादीचा सदरा घालून हे साहेबाच्या कुत्र्यासाठी धावत गेले. बदलायला वेळ नव्हता. मामाजी स्वतः तंबूसमोर जाऊन उभे राहिले. कुणी त्यांना बोलावलं नाही, कुणी बस म्हणालं नाही, ते दिवसभर उन्हात जोडे काढून उभे होते.

इकडे सासूबाईंनी महादेवाला अभिषेक सांगितला. भटजी आले, पाण्याची पळी हातात घेतली आणि संकल्पासाठी आजाऱ्याचं नाव विचारलं. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. एक गडी तंबूकडे धावत गेला आणि आयाला विचारून आला. ते इंग्रजी नाव भटजींना उच्चारता येईना. तीनदा प्रयत्न करून त्यांनी ते कसंबसं संस्कृतात बसवलं आणि अभिषेक पार पाडला. गोत्र विचारायचं त्यांनी सोडून दिलं, तेवढी लाज त्यांना होती.

कुत्रा वाचला. डॉक्टर रात्र पडायच्या आत आला, त्याने तपासलं आणि सांगितलं की जे ओकायचं ते आधीच ओकून झालंय, नुसतं पाणी पाजा. साहेबाने मामाजींना एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी तंबू उठले आणि मुक्काम इंझोरीच्या बाजूला गेला. ससा आणि मेम कुणी सोबत नेली का, मला माहीत नाही. बहुधा आमराईतच राहिली असतील.

त्या संध्याकाळी मामाजी जेवायला बसले, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला होता. मोटार किती वेगाने आली, डॉक्टरच्या पेटीत काय काय होतं, त्याने कुत्र्याचा जबडा कसा उघडून पाहिला, हे सगळं ते रंगवून सांगत होते. वाढायला जाऊबाई होत्या. पोरगी खांबाला टेकून आजोबांचे हलणारे ओठ बघत होती. मामाजी म्हणाले की डॉक्टरने नळी लावून कुत्र्याच्या कानातसुद्धा पाहिलं, कसा हुशार माणूस.

जाऊबाईंनी भाकरीची टोपली खाली ठेवली. सासऱ्यांसमोर त्या कधी बोलत नसत, डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसत. त्या दिवशीही पदर ढळला नाही.

"मामाजी," त्या म्हणाल्या, "कुत्र्याच्या कानासाठी तुमाले अकोल्याची मोटार भेटली. माह्या पोरीच्या कानाले वाशीमची गाडी नाई भेटली. उद्यापासून मी माही चूल येगळी मांडतो. माह्या हिश्श्याची ज्वारी काढून द्या."

सासूबाई काहीतरी बोलू लागल्या, की बाईच्या जातीने असं... ह्यांनी ताटातलं वरण बोटाने कालवत राहणं पसंत केलं. सभेत टाळ्या वाजवणारे हात ते.

मला वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेतील, जाऊबाईंच्या भावाला बोलावतील, चार माणसं बसवतील. तसलं काही झालं नाही. मामाजी नमले, पण पश्चात्तापाने नव्हे. ही गोष्ट गावात या शब्दांत फुटली, आणि गावातून तहसिलीत गेली, तर साहेबाच्या कानावर कशी पडेल, याची त्यांना भीती होती. जो माणूस नातीच्या तापाला हलला नाही, तो साहेबाच्या मताला हलला. दुसऱ्या दिवशी बळदातून ज्वारी काढून दिली गेली, मागच्या परसातली खोली मोकळी करून दिली गेली, आणि गावाला सांगितलं गेलं की मोठ्या सुनेला कडक सोवळं पाळायचं आहे.

रावसाहेबकी त्यांना मिळाली नाही. पलीकडच्या गावच्या एका पाटलाला मिळाली, ज्याने डालीत नुसती संत्री पाठवली होती. मामाजींनी त्याच्या सत्काराला जाऊन हार घातला.

पुढच्या वर्षी हिवाळा लागला तसे सासूबाईंनी उरलेल्या लोकरीचे गुंडे माझ्यासमोर आणून ठेवले. आता बिनडोळ्यांचं काहीतरी कर, म्हणाल्या. यंदाचा साहेब नवा आहे. मी सांगितलं की मी विणणार नाही. त्यांनी गुंडे उचलून नेले. मग मी हात धुतले आणि परसातल्या खोलीत गेले. जाऊबाईंनी चुलीवर अंबाडीची भाजी टाकली होती. पोरीने मला पाहिलं आणि माझ्यासाठी पाट ओढला. मी तिथेच जेवले, दार उघडं ठेवून, मामाजींना ओसरीवरून दिसेल असं बसून.