आत्याची कलमं

वहिनी तान्हं पोर मागे ठेवून गेली, तेव्हा आत्याने शिवणाचं दुकान बंद केलं आणि ती भावाकडे राहायला आली. लग्नाचं राहूनच गेलं. भाच्याला तिनेच लहानाचं मोठं केलं. तिचं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात काही असेल, तर ते मागच्या अंगणातले गुलाब.

छाटणी झाली की ती काड्या निवडायची. पेन्सिलीएवढी जाड काडी, कोंब फुटतो त्या डोळ्याच्या खाली तिरका काप, टोकाची दोन पानं ठेवून बाकीची काढलेली. वाळू मिसळलेल्या मातीत ती खोचायची आणि वर काचेची बरणी उपडी घालायची. जगलेली रोपं गल्लीभर वाटून टाकायची. "पाणी बेताचं घाला, फार लाड करू नका," एवढंच बजावायची.

भाऊ गेला, घर भाच्याच्या नावावर झालं. एकदा जेवताना तो म्हणाला, "आत्या, मागे फरशी घालून घेऊ म्हणतो. गाडी उन्हात उभी असते."

"घाल की. फक्त नवी कलमं मुळं धरेपर्यंत थांब. मग मी सगळं कुंड्यांत हलवते."

"अगं, घाई कुठे आहे?"

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आत्या थोडे दिवस चुलतबहिणीकडे राहिली. परतली, तर मागे फरशी चकचकत होती.

"गवंडी नेमका मोकळा होता गं," भाचा म्हणाला. भाचेसुनेने बरण्या मात्र जपल्या होत्या. घासूनपुसून त्यांत डाळी भरल्या होत्या.

आत्या समोरच्या शिक्षिकेकडे गेली. तिच्या फाटकावरचा लाल गुलाब आत्यानेच लावून दिलेला.

"एक फांदी द्याल?"

"आत्ता नको हो, ऐन बहरात आहे. आणि हे झाड माझ्या माहेरचं. फार नाजूक."

"असं का," म्हणून आत्या घरी आली.

पुढे शिक्षिकेने छाटणी करून फांद्या कचऱ्यात टाकल्या. आत्याने त्या भरदिवसा, सगळ्यांदेखत उचलल्या आणि जिन्यातल्या फुटक्या बादलीत खोचल्या. "डास होतील हं, आत्या," भाचेसून कुरकुरली. आत्याने कानाडोळा केला. काड्या एकेक करून काळ्या पडल्या. एकच जगली.

तिला फूल आलं, तेव्हा घरी पाहुणे होते. भाचा त्यांना मुद्दाम जिन्यात घेऊन आला. "आमच्या आत्याला झाडांची भारी हौस!"

"हौस कसली," आत्या म्हणाली. "राग आहे तो."

पाहुणे खो खो हसले. भाचाही हसला, पण जरा उशिरा. आत्या आत गेली आणि त्यांचे चहाचे कप विसळू लागली.