बाळारामचा कागदावरचा पगार

“मॅडम, माझा पगार कमी करून द्या.”

बाळाराम टेबलासमोर उभा राहून हे म्हणाला तेव्हा मला वाटलं, याने सकाळी सकाळीच घेतलीय की काय. मी मोहोपाड्यात एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात अकरा वर्षं पगारपत्रकं बनवतेय. पगार वाढवा, अ‍ॅडव्हान्स द्या, ओव्हरटाइम का कापला, म्हणून भांडणारे रोज येतात. कमी करा म्हणणारा हा पहिलाच.

“डोकं ठिकाणावर आहे ना रे?”

“हाय ना. पोरीसाठी पायजे. कागदावरचाच कमी करा. हातातला तसा बी कमीच हाय.”

हे ‘कागदावरचा’ आणि ‘हातातला’ काय प्रकरण आहे ते आधी सांगते. आमचा शेठ केमिकल कंपन्यांना हेल्पर पुरवतो. सरकारने ठरवलेलं किमान वेतन द्यावंच लागतं, बिल पास करताना कंपनीही ते तपासते. म्हणून बँकेत पगार पूर्ण जातो. पे स्लिप, पीएफ, सगळं चोख. दुसऱ्या दिवशी माणसं एटीएममधून ठरलेली रक्कम काढतात आणि मुकादमाच्या हातात आणून देतात. आमच्याकडे याला ‘रिटर्न’ म्हणतात. जो देत नाही, त्याचा गेटपास पुढच्या महिन्यात निघत नाही.

बाळारामच्या स्लिपवर एकवीस हजार आठशे. त्यातले सहा हजार परत. स्लिप मी बनवायचे आणि रिटर्नची ती मेली वहीही मीच लिहायचे. चोर शेठ असेल, पण पोतं धरायला मी होते.

बाळाराम कडावचा. शेतात खाण्यापुरता भात होतो, बाकी सगळं या पगारावर. मुलगी प्रणाली बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आली आणि पुण्यात विद्यापीठात एम.एस्सी. केमिस्ट्रीला तिचा नंबर लागला. फी, हॉस्टेल, मेस असा दोन वर्षांचा सगळा खर्च एक ट्रस्ट उचलणार होता. अट एकच, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. खरं पाहिलं तर ते दोन लाखांच्याही आत होतं. पण नोकरदाराला उत्पन्नाचा दाखला काढायचा तर पगाराचा कागद लागतो, आणि माझ्या कागदाप्रमाणे ते दोन लाख एकसष्ट हजार सहाशे भरत होतं. अकरा हजार सहाशेंनी पोरगी बाहेर.

“स्लिप आता बदलता येत नाही,” मी म्हणाले. “पीएफ भरून झालाय. तो ऑनलाइन दिसतो.”

“मंग नुसतं पत्र द्या. आमाला खरे किती मिळतात त्ये लिवून द्या.”

“तसं लिहिलं तर शेठ आत जाईल, बाळाराम.”

“त्यांचं त्ये बगतील. माझ्या पोरीनं काय केलंय?”

मी त्याला बसायला सांगून केबिनमध्ये गेले. शेठने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो कधी ओरडत नाही, तेवढं एक बरं आहे.

“वैशाली, आपण कमी पगार देतो असं आपल्याच लेटरहेडवर लिहून द्यायचं? हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“मग पत्र राहू द्या. दोन वर्षं त्याचा रिटर्न सोडा. मुलीच्या हॉस्टेलचं तरी भागेल.”

“एकाला सोडला की बाकीचे उद्या दारात. मुलगी हुशार आहे ना? मग होईल तिचं. हुशार मुलांचं अडत नाही.” मग ड्रॉवरमधून पाचशेची नोट काढली. “हे बक्षीस दे तिला. आणि व्हाउचर कर.”

मी व्हाउचर केलं. बाळारामने नोट कपाळाला लावून खिशात ठेवली. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाखला शेवटी स्लिपप्रमाणेच निघाला, तरी मार्क बघून पुढच्या आठवड्यात ट्रस्टने प्रणालीला मुलाखतीला बोलावलं. तिथे तिने सरळ सांगून टाकलं, बाबा दर महिन्याला सहा हजार परत देतात, दाखल्यावरचं उत्पन्न खरं नाही. एकवीस वर्षांची पोर. खरं बोललं की काम होतं, एवढंच तिला शिकवलेलं. मग ट्रस्टच्या बाईंनी स्लिपवरचा नंबर फिरवला. फोन मी उचलला.

“मुलगी खोटं बोलतेय असं मला वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “पण कमिटी माझ्या वाटण्यावर चालत नाही. तुमच्याकडून कोणी नुसतं हो म्हणालं तरी पुरे. नाव मी लिहिणार नाही.”

वही समोरच होती. शेठ जेवायला घरी गेला होता, ऑफिसात मी एकटी होते. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मी बऱ्याच जणांना शेठ समोर बसला होता म्हणून सांगितलंय.

“स्लिप बरोबर आहे, मॅडम.”

“नक्की?”

“हो. आमच्याकडे सगळं बँकेतून होतं.”

माझा मुलगा तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याची फी याच नोकरीतून जायची. बाईंनी कितीही सांगितलं तरी नाव बाहेर फुटलंच असतं, असं मी मनाशी घोकत राहिले. खरं सांगायचं तर मी घाबरले. आजही त्याची लाज वाटते.

महिन्याभराने प्रणाली स्वतः ऑफिसात आली. पुण्याच्या प्रवेशाची मुदत संपून गेली होती. कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला तिला काम मिळालं होतं, तिथे जातानाच ती वाट वाकडी करून आली होती. ट्रस्टचं पत्र तिने माझ्यापुढे ठेवलं. उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त, हे तर होतंच. खाली आणखी एक ओळ होती: ‘अर्जदाराने मुलाखतीत दिलेली माहिती पडताळणीत खोटी आढळली.’ पुढे दुसरीकडे अर्ज करावा तर हे पत्र पाठीशी. तेल गेलं, तूप गेलं, वर पोरीला खोटारडी ठरवून मोकळे.

“फोन तुम्हीच घेतला होतात ना, मॅडम?”

“हो.”

ती रडेल, आरडाओरडा करेल, मला शिव्या घालेल, असं वाटलं होतं. तिने पत्राची घडी घातली.

“बाबांना मी नंबर लागला नाही एवढंच सांगितलंय. तुम्हीही काही बोलू नका. मॅडमनी आपल्यासाठी लय धडपड केली, असं ते घरी सांगत असतात.”

नोकरी मी अजून तिथेच करते. मुलाचा डिप्लोमा झाला, त्याला कामही लागलं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र पक्की कळली. गरिबाचं खरं सिद्ध व्हायला दुसऱ्या कोणाला तरी आपली नोकरी पणाला लावावी लागते. तशी माणसं असतील कुठेतरी, पण त्या दिवशी फोनवर मी होते.