अ‍ॅपमधले आठशे मीटर

माझी पुतणी प्रणाली आज पोलीस भरतीत आठशे मीटर धावताना काही सेकंदांनी हुकली. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती.

"काका, अ‍ॅपमधी तं रोजच टायमात येऊन राहिली होती मी!"

गावी, बिरसीला परतताच तिचा सरावाचा रस्ता आम्ही टेपने मोजला. अ‍ॅपचे आठशे मीटर जमिनीवर साडेसातशेच भरले.

"घड्याळ घेऊन द्याचं होतं ना, दादा," धाकटा भाऊ म्हणाला.

जीपीएस घड्याळ कशाला, फोनचं अ‍ॅप पुरे, हे मीच ठासून सांगितलं होतं. पण टेप लावायला मला कोणी अडवलं होतं?

तुमच्या गावातही पोरी धावत असतील. घड्याळ की अ‍ॅप, हा वाद नंतर घाला. आधी रस्ता मोजा. प्रणालीसाठी तो मी आज मोजला.